‘म्हणे’ कुठं गेलं?

(अमरावतीत झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)

पत्रिकेवर आजचा विषय ‘इंटरनेट आणि नीती’ असा छापलाय. वाचून एखाद्याला वाटेल की आता हॅकर, खातं रिकामं करणारे, व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घालून ‘डिजिटल अटक’ करणारे, यांच्याबद्दल ऐकायला मिळणार. त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही. चोरी वाईट असते हे सांगायला अकोल्याहून इथवर यायची गरज नव्हती. मला बोलायचंय ते आपल्याबद्दल. ज्यांनी कधी कुणाचा रुपया बुडवला नाही, अशा सरळ माणसांबद्दल, जी सकाळच्या चहाबरोबर अंगठ्यानं दहा गोष्टी इकडच्या तिकडं करतात.

इकडच्या तिकडं करणं, हाच आजचा विषय धरा. इंटरनेटवर आपण स्वतः लिहितो फार थोडं. बहुतेक वेळ आपण हमाली करतो. याचा मजकूर त्याला, त्याचा फोटो याला. आणि बडनेऱ्याच्या स्टेशनावरचा हमालसुद्धा ओझं डोक्यावर घेण्याआधी हातानं जोखून पाहतो. आपण तेवढंही करत नाही.

एका छोट्या शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे ‘म्हणे’. ‘त्या गल्लीत म्हणे काल चोर शिरला.’ ‘पाटलाच्या पोरानं म्हणे नोकरी सोडली.’ आपल्या वऱ्हाडीत ‘म्हने’. एवढासा शब्द, पण त्याचं काम पहा. तो समोरच्याला सांगतो की बाप्पा, हे मी पाह्यलं नाही, ऐकलंय, तू तुझ्या हिशेबानं घे. बोलणारा बातमी देतो आणि त्याच दमात तिची हमी द्यायचं नाकारतो. म्हणजे ऐकीव आणि पाहिलेलं यांतला फरक आपल्या भाषेत वाक्यातच सांगायची सोय आहे. त्यासाठी वेगळं वाक्य लागत नाही, तळटीप लागत नाही. एक शब्द मध्ये टाकला की झालं.

न्यायालयालाही हाच फरक लागतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं की तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे. पाहिलं म्हणणाऱ्यानं पाहिलेलं असावं, ऐकलं म्हणणाऱ्यानं स्वतः ऐकलेलं असावं. आता २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यातही तो नियम कायम आहे. कोर्टाच्या पायऱ्या न चढलेल्या आपल्या आजीला तो आधीपासून येत होता. ती वाक्यात ‘म्हणे’ घालायची.

आता फॉरवर्डचं बघा. कुणीतरी कुठंतरी लिहिलं, ‘माझ्या सख्ख्या मावसभावानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.’ तुम्ही ते पुढं पाठवता. तोंडानं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? ‘कुणाच्या तरी मावसभावानं पाह्यलं म्हणे.’ आपोआप म्हणाला असता, विचारही करावा लागला नसता. पण फॉरवर्ड करताना वाक्य जसंच्या तसं जातं. त्यातलं ‘माझ्या’ तसंच राहतं. दहाव्या माणसाच्या फोनवर ते पोचतं तेव्हा वर काकांचं नाव, काकांचा गोल फोटो, आणि खाली ‘माझ्या मावसभावानं पाहिलं’. वाचणारा पुतण्या म्हणतो, काका काय खोटं सांगतील? काका खोटं सांगतच नाहीत. काकांनी काही सांगितलेलंच नाही. त्यांनी फक्त ‘म्हणे’ गाळलं, आणि तेही त्यांनी गाळलं नाही, बटणानं गाळलं.

मला वाटतं, आपल्या रोजच्या इंटरनेटवरच्या वागण्यातली निम्मी नीती या एका गाळलेल्या शब्दात आहे.

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथं आले होते. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. त्या काळात मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश फोनाफोनांवर फिरत होते. जमावानं त्या पाच जणांना धरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथं जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले.

त्या वर्षी देशभर अशा अफवांसोबत एक व्हिडिओ फिरत होता. मोटरसायकलवरून आलेले दोघं रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेतात, असा. तो मुळात पाकिस्तानातल्या कराचीत बनवलेला, मुलांना जपा असं सांगणारा जनजागृतीचा व्हिडिओ होता. त्यात शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि एक फलक धरतात. तो शेवट कुणीतरी कापला. कापणारा एक असेल, दोन असतील. पाठवणारे लाखो होते, आणि त्यातले बहुतेक आईबाप होते. काळजीपोटी पाठवत होते. वाईट माणसानं वाईट काम केलं, एवढं सांगून इथं सुटका होत नाही. या साखळीतली जवळजवळ सगळी माणसं चांगली आहेत, कुणीच एकट्यानं मोठं काही केलेलं नाही, आणि शेवटाला पाच प्रेतं आहेत.

त्यानंतर व्हॉट्सअॅपनं काय केलं? जुलै २०१८ मध्ये पुढं ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी बारीक करड्या अक्षरातली खूण आली. भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आली, जानेवारी २०१९ पासून ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार फिरलेला संदेश असेल तर एका वेळी एकच ठिकाण. मी त्या करड्या अक्षरांना यंत्राचं ‘म्हणे’ म्हणतो. आपण सोडून दिलेला शब्द कंपनीला छापावा लागला. बरं, मजकूर कॉपी करून पेस्ट केला की तोही जातो. आणि पाच ठिकाणी पाठवणारे पाच जण असले की पंचवीस होतात, हे पाढे येणाऱ्याला सांगायला नको. वेग थोडा कमी झाला, एवढं खरं.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल की अफवा काय इंटरनेटनं आणल्या का? नाही आणल्या. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध प्यायला, तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता? एसटीडी बूथवरून बातमी पसरली आणि दुपारपर्यंत देवळांसमोर रांगा लागल्या. पण त्या दिवशी लोक रांगेत उभे राहिले ते स्वतः पाहायला. ‘पितो म्हणे, चला पाहून येऊ.’ ‘म्हणे’ असलं की पाहायला जावंसं वाटतं. ‘म्हणे’ नसलं की पाहायची गरजच वाटत नाही, कारण आपल्याच माणसानं पाहिलेलं आहे. हा फरक मला मोठा वाटतो. दूध वाया गेलं, जीव गेला नाही.

आणि हा विचार परका नाही, आपल्या जिल्ह्यातलाच आहे. इथून मोर्शीच्या बाजूला रिद्धपूर. आता तिथं मराठी भाषा विद्यापीठ झालं. इसवी सन १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी तिथं चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा केल्या. तो लीळाचरित्र, मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ. म्हाइंभटांची रीत पहा. स्वामींच्या सहवासात राहिलेल्या बाया-माणसांकडं जायचं, तुम्ही काय पाहिलं, काय ऐकलं ते विचारायचं, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यायचं. महानुभावांच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत, तर त्यातली एक दाबून टाकत नाहीत. अमक्याची आठवण अशी, तमक्याची तशी, असं नावानिशी नोंदवतात. त्या पाठभेदाला त्यांचा शब्द आहे ‘वासना’. विचार करा, ज्याला ते देव मानत होते त्याच्याबद्दलची गोष्ट, आणि तरी ‘कुणी सांगितलं’ हे लिहिल्याशिवाय पुढं जायचं नाही. साडेसातशे वर्षांपूर्वी, हातानं कागदावर उतरवताना, ही शिस्त. आपल्याला तर नुसतं एक वाक्य वर लिहायचं असतं: ‘हे मला अमक्या ग्रुपवर आलं, मी तपासलेलं नाही.’ तेवढं लिहिताना बहुतेकांचा अंगठा थांबतो, आणि मजकूर पाठवायचा राहून जातो. करून पहा एकदा.

आता अमरावतीकडं येतो. इथं बसलेल्यांना मी काय सांगणार, तुम्ही नोव्हेंबर २०२१ पाहिलाय. त्रिपुरात तणाव होता, काही घटना खरोखर घडल्या होत्या. त्या खऱ्यासोबत बरंच खोटं आलं. १२ नोव्हेंबरला इथं मोर्चा निघाला, दगडफेक झाली, दुकानं फुटली. १३ ला बंद, आणि त्यात पुन्हा तोडफोड, जाळपोळ. मग संचारबंदी, मग इंटरनेट बंद. त्रिपुरातल्या काकराबनमध्ये मशिदीची नासधूस झाल्याची फिरत असलेली बातमी खोटी आहे, असा खुलासा केंद्रीय गृह मंत्रालयानं केला तो १३ नोव्हेंबरला. म्हणजे खुलासा निघाला तेव्हा इथं दुसरा दिवस पेटलेला होता. आणि त्यानंतर नेटच बंद. खोट्याला पूर्ण रेंज मिळाली, खुलाशाची पाळी आली तेव्हा टॉवर गप्प. ज्यांनी काहीच पाठवलं नव्हतं, त्यांचेही ऑनलाइन अर्ज अडले, क्यूआर कोडवर धंदा करणाऱ्या भाजीवाल्याचंही गिऱ्हाईक परत गेलं. इंटरनेट बंद करणं म्हणजे सगळ्या गावाचे कान धरणं. प्रशासनापुढं दुसरा मार्ग होता की नव्हता, हा वेगळा वाद आहे. माझा मुद्दा एवढाच की अंगठ्याचा खर्च कुणीतरी भरतोच, आणि भरणारा बहुधा दुसराच असतो.

इथवर मी खोट्याबद्दल बोललो. पण ‘खरं-खोटं तपासा, मग पाठवा’ एवढीच शिकवण घेऊन तुम्ही घरी गेलात तर माझं निम्मंच बोलणं पोचलं. कारण खरा मजकूरही माणूस मारू शकतो.

आपल्या भाषेत या कामाला किती शब्द आहेत बघा. चुगली, चहाडी, कागाळी, लावालावी, काडी लावणे, कान भरणे. यातला एकही शब्द खोटेपणाबद्दल नाही. चुगली शंभर टक्के खरी असू शकते, बहुतेक वेळा असतेच. तरी आपण चुगलखोराला चांगला म्हणत नाही. का? कारण शब्द ज्या बैठकीत बोलला गेला, त्या बैठकीतून तो उचलून, जिथं तो पेट घेईल अशा ठिकाणी नेऊन ठेवला. वाक्य तेच, पण ओसरीवरचं वाक्य चौकात नेलं की ते वेगळं होतं. आजच्या भाषेत याला स्क्रीनशॉट म्हणतात.

२१ जून २०२२ च्या रात्री याच शहरात एका औषध विक्रेत्याची दुकान बंद करून घरी जाताना हत्या झाली. त्यांनी एका वादग्रस्त वक्तव्याच्या समर्थनाचा मजकूर एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवला होता. ग्रुप ओळखीपाळखीच्या माणसांचा होता. तपास यंत्रणेचं म्हणणं असं की त्या मजकुराचा स्क्रीनशॉट तिथून बाहेर काढला गेला आणि दुसरीकडं पोचवला गेला. दोषी कोण हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, ते मी करणार नाही. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. एक, मजकूर कसलाही असो, त्यासाठी कुणाचा जीव घेणं याचं कुठलंही समर्थन होऊ शकत नाही, आणि हत्येची जबाबदारी हत्या करणाऱ्यांची आणि घडवणाऱ्यांचीच असते. ‘त्यानं तसं पाठवायला नको होतं’ हे वाक्य मी या शहरात ऐकलंय. ते वाक्य मला मान्य नाही. मेलेल्याकडं बोट दाखवून जिवंतांची सुटका होत नसते. दुसरी गोष्ट, ग्रुप म्हणजे एक घर असतं असं आपण समजतो, आणि त्याच्या भिंती कागदाच्याही नसतात. दार उघडायला एक माणूस पुरतो.

अकोल्यातली १३ मे २०२३ ची रात्रही आठवा. इन्स्टाग्रामवरच्या एका मजकुरावरून जुन्या शहरात दोन गट समोरासमोर आले, दगडफेक, जाळपोळ, एकाचा मृत्यू, संचारबंदी, नेट बंद. ज्यानं तो मजकूर लिहिला तो एक. पण जो मजकूर चार-दोन जणांनी वाचून सोडला असता, तो संध्याकाळपर्यंत हजारोंपुढं गेला, तो एकट्याच्या अंगठ्यानं नव्हे. त्यात काही जणांनी ‘बघा हे काय लिहितात’ असं रागानं पाठवलं असेल. राग खरा असेल, मजकूरही खरा असेल. काडी ओढणाऱ्याला ती काडी खरी होती की खोटी, हा बचाव नसतो.

कायदा काय म्हणतो ते थोडक्यात. जुन्या दंडसंहितेच्या कलम ५०५ मध्ये, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ मध्ये, अफवा तयार करणारा, प्रसिद्ध करणारा आणि प्रसारित करणारा अशा तिघांना एकाच ओळीत बसवलंय. खरं वाटण्याला वाजवी कारण होतं आणि हेतू स्वच्छ होता, तर सूट आहे. म्हणजे ‘मी लिहिलं नाही, नुसतं फॉरवर्ड केलं’ हा बचाव कायद्याच्या शब्दांत बसतच नाही. तामिळनाडूतले एक अभिनेते आणि माजी आमदार यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलची एक घाणेरडी फेसबुक पोस्ट पुढं पाठवली. न वाचता पाठवली, असं त्यांचं म्हणणं. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं खटला रद्द करायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं सांगितलं गेलं की डोळ्यांत औषध घातलं होतं म्हणून मजकूर वाचता आला नाही. न्यायालयानं ते काही ऐकलं नाही. वाचता येत नव्हतं, पण बटण मात्र बरोबर सापडलं. आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत थोडंफार ते औषध असतं.

ग्रुप अॅडमिनचं काय, हे बरेच जण विचारतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की समान हेतू किंवा आधीचा कट दिसत नसेल, तर सदस्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. निकाल योग्य आहे. तीनशे जणांच्या ग्रुपमध्ये कोण केव्हा काय टाकेल, हे अॅडमिनला आधी कसं कळणार? पण कायद्यानं सोडलं म्हणजे हिशेब संपला असं नाही.

त्या हिशेबासाठी आपल्याकडं जुनं माप आहे. कारंजा लाड तुम्हाला माहीत आहे, जैनांचं जुनं पीठ, हस्तलिखितांसाठी नावाजलेलं. जैन विचारात हिंसेचे तीन प्रकार सांगितलेत: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली, आणि कुणी केली तिला मान डोलावलेली. योगसूत्रांतही हेच तीन शब्द आहेत. इतकी वर्षं हे तिसरं माप जरा अतिशयोक्तीचं वाटायचं. मनातल्या मनात बरं वाटलं तर त्याचं पाप कसं? आता फोनवर त्याचं बटण आहे. अंगठा, लाल हृदय, हसता हसता डोळ्यांतून पाणी येणारा चेहरा. एखाद्या पोरीचा चोरून काढलेला व्हिडिओ येतो आणि खाली पंचवीस हसरे चेहरे येतात. ते पंचवीस जण म्हणतील आम्ही काही केलं नाही. कृत नाही, कारितही नाही. पण मूळ टाकणारा पुढचा व्हिडिओ त्या पंचविसांच्या जोरावर टाकतो. आणि आता यंत्रही मोजतं. जास्त हसू, तर जास्त लोकांपुढं. अनुमोदनाला प्रत्यक्ष वजन आलंय.

मग गप्प बसणं म्हणजे अनुमोदन का? माझं मत असं, की ते ग्रुप किती मोठा यावर आहे. अडीचशे जणांच्या ग्रुपवर प्रत्येकाला उत्तर देत बसलात तर संसार करता येणार नाही. पण बारा जणांच्या घरच्या ग्रुपवर, जिथं तुमचं मौन नावानिशी ओळखू येतं, तिथं मौन बोलतं.

फोटोंबद्दल दोनच वाक्यं. अपघाताचे, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरचे, प्रेताचे फोटो पाठवू नका. त्या घरातलं पोरगं उद्या मोठं होऊन तोच फोटो पाहील. आणि घरच्या लहानग्यांचे आंघोळीचे वगैरे फोटो स्टेटसला ठेवताना एवढं ध्यानात घ्या, की त्यांना नाही म्हणता येत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

एका ताईंचा प्रश्न: सासरच्या ग्रुपवर मोठी माणसं काहीही टाकतात. मी खोटं आहे म्हणाले, तर सुनेला जास्त कळतं का, असं होतं. काय करू?

अडचण खरी आहे, आणि ‘निर्भयपणे बोला’ असं सांगणं सोपं असतं, कारण सांगणाऱ्याला त्या घरात राहायचं नसतं. दोन गोष्टी करून पहा. एक, ग्रुपवर दुरुस्त करू नका, वेगळा निरोप पाठवा किंवा समोर बोला. चारचौघांत खोटं ठरलेला माणूस हट्टाला पेटतो. दुसरी, सांगू नका, विचारा. गाडगेबाबा आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. त्यांचं कीर्तन निम्मं प्रश्नांचं असायचं. प्रश्न टाकायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचे. ‘मामंजी, हे कोणत्या गावचं आहे? तारीख कुठली? तुम्हाला कुणी पाठवलं?’ खरी उत्सुकता ठेवून विचारा, टोमणा मारू नका. तीन-चार वेळा विचारलं की माणूस पाठवण्याआधी स्वतःच पाहायला लागतो, कारण आता सून विचारेल हे त्याला माहीत असतं.

एका तरुणाचा प्रश्न: सर, स्क्रीनशॉट वाईट म्हणता, पण पोरींना घाण मेसेज करणारे स्क्रीनशॉटमुळेच उघडे पडले. मग अन्याय झाकून ठेवायचा का?

बिलकुल नाही. बरं झालं विचारलं. चुगली आणि तक्रार यात फरक आहे. नेणारा कोण आणि कुणाकडं नेतो, ते पहा. ज्याच्यावर अन्याय झाला तो स्वतः, किंवा त्याच्या संमतीनं दुसरा कुणी, जो दाद देऊ शकतो त्याच्याकडं नेतो, स्वतःच्या नावानं नेतो, तर ती तक्रार. पोलीस ठाणं, कॉलेजची अंतर्गत समिती, १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक. तिथं स्क्रीनशॉट हा पुरावा आहे, तो जपून ठेवा. तोच स्क्रीनशॉट ज्याच्या हातात दाद नाही, फक्त दगड आहे, अशाकडं नेला की काडी लागते. आता मला माहीत आहे, तक्रार करूनही कुणी ऐकत नाही असं होतं, आणि मग एखादी मुलगी सगळ्यांसमोर मांडते. तो तिचा हक्क आहे. तिनं मांडलं म्हणून तिला न विचारता तिचं नाव, तिचा फोटो शंभर ठिकाणी फिरवणाऱ्यांचा तो हक्क नाही, बाजू तिचीच घेत असले तरी.

एका काकांचा प्रश्न: तुम्ही म्हनता फॉरवर्ड नोका करू. पण पोरं चोरणारे खरंच आले असले त? मी मेसेज दाबून ठेवला अन् उद्या गावातलं पोरगं गेलं, त मले काय वाटंन?

काका, आजचा सगळ्यात अवघड प्रश्न तुमचा. राईनपाड्याची बातमी वाचूनही हा प्रश्न सुटत नाही, कारण भीती खरी असते. दाबून ठेवा असं मी म्हणत नाही. पहिला फोन ११२ ला करा. मुलांसाठी १०९८ आहे. तिथं तुम्हाला तुमचं नाव विचारतील, गाव विचारतील, तुम्ही काय पाहिलं ते विचारतील. उत्तर देता देता तुमच्याच लक्षात येईल की आपण काय पाहिलंय आणि काय नाही. मग गल्लीतल्या आयाबायांना सांगायचं असेल तर तोंडानं सांगा, नाही तर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. आलेला व्हिडिओ पाठवू नका. ‘मी अमुक बोलतो, मी काही पाह्यलं नाही, पोरं पळवणारे फिरून राह्यले म्हने, मी ११२ ला कळवलंय, पोरांले सांजच्याले घरात घ्या.’ पोरांना घरात घ्यायला एवढं पुरतं.

काका: अन् कोणी अनोळखी मानूस दिसला त?

तर त्याला पाणी विचारा, नाव-गाव विचारा, आणि तो बोलत असताना कुणीही त्याचा व्हिडिओ काढणार नाही याकडं लक्ष ठेवा. बाकीचं ११२ वाले आल्यावर पाहतील.